तलंगा रुजू झाल्या

सरकारी कचेरीत आस्थापना शाखा नावाचं एक टेबल असतं. कोण कोणाच्या आधी लागला, कोणाची बढती कोणामुळे अडली, कोणाला कुठे पाठवलं म्हणजे तो अर्जफाटे न करता गप्प बसेल, हे सगळं त्या टेबलाच्या खणात कुलूपबंद असतं. त्या टेबलापाशी मी माझी उभी हयात बसून काढली. त्यामुळे नव्या माणसाला जुन्या माणसांत कसं मुरवावं, हे मला कोणी सांगायला लागलं की मला हसू येत असे. हल्ली येत नाही. हल्ली हा विषय मला कोंबड्या शिकवतात, आणि त्यांच्यासमोर दात काढायची सोय नाही, अंगावर येतात.

निवृत्तीनंतर आम्ही दोघं कुडाळजवळच्या आमच्या मूळ घरी राहायला आलो. घर मिळालं, माड मिळाले, सातबाऱ्यावर एक वाडीभर सहहिस्सेदार मिळाले आणि चुलतभावाने मुंबईला जाताना मागे ठेवलेल्या पाच गावठी कोंबड्या व एक कोंबडा मिळाला. सहहिस्सेदारांपैकी कोणीही कोंबड्यांवर हक्क सांगितला नाही, तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

कोंबड्यांची नावं मी ठेवली. सगळ्यांच्या आधी खाणारी, खुराड्यात वरच्या बांबूवर मधोमध बसणारी ती मुकादमीण. तिच्या खालोखाल थोरली, मग ठिपकी, मग मानेवर पिसं नसलेली बोडकी, आणि सगळ्यांचे टोचे खाऊन उरलेले दाणे टिपणारी ती लंगडी. कोंबड्याचं नाव साहेब. काम काही नाही, आवाज मोठा, आणि ज्या गोष्टी आपोआप होतात त्या आपल्यामुळेच होतात असा समज. सूर्योदयाचं श्रेय तर तो रोज घेतो.

एक वर्ष हे बरं चाललं. कोंबडी पहिल्या वर्षी मन लावून अंडी देते, मग दरवर्षी हात आखडता घेते, आणि पिसं गाळायला लागली की रजेवरच जाते. श्रावण संपता संपता आमच्याकडे सगळ्याच एकदम रजेवर गेल्या. ही एक दिवस तांदळाची कणी मोजता मोजता म्हणाली, "अहो, सहा तोंडं दाणे खातात आणि अंडं दोन दिवसांत एक. तेही साहेबांनी घातलं नसलं म्हणजे मिळवली."

मी म्हटलं, "नवी भरती करू."

भरती हा शब्द तोंडातून निघाला आणि मला वीस वर्षांनी तरुण झाल्यासारखं वाटलं. आठवडा बाजारात एक टेम्पो येतो. त्यात प्लास्टिकच्या खोक्यांतून पिल्लं आणि तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोवळ्या कोंबड्या, असतात. गावठी कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंड्यांवर थांबते, पण बेंगळुरूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात तयार झालेली गिरिराज त्याच्या दुपटीने जाते, अशी माहिती मी आधीच काढून ठेवली होती. चार गिरिराज तलंगा घेतल्या. जेमतेम दोन महिन्यांच्या. अंगाने कबुतराहून थोड्या थोर, आवाज अजून पिल्लाचाच. टेम्पोवाल्या पोराने मग एका कोपऱ्यातून काळीकुळकुळीत तलंग बाहेर काढली. पिसं काळी, चोच काळी, पाय काळे, जीभसुद्धा काळी. "कडकनाथ, काका. झाबुआची. जीआय मानांकन आहे." ते खरंच आहे, मध्य प्रदेशातल्या झाबुआच्या कडकनाथला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. परराज्यातून, मानांकनासह, आपल्या परसात कोणी प्रतिनियुक्तीवर येतंय म्हटल्यावर मला नाही म्हणवेना.

"एकच?" हिने घरी आल्यावर विचारलं.

"नमुना म्हणून," मी म्हणालो.

रुजू होण्याचा कार्यक्रम मी सकाळी साडेदहाला ठेवला, कारण कचेरीत माणसं साडेदहानंतर ताळ्यावर असतात. खळ्यात मधोमध गव्हाची रास ओतली. जुन्या कोंबड्या जमल्या. मग खोक्याचं झाकण उघडलं आणि पाचही जणींना त्या राशीच्या बाजूला सोडलं. डोक्यात चित्र असं होतं की सगळ्या मिळून खातील, खाताना ओळख होईल, आणि मी पडवीत बसून चहा पिईन.

कोंबडी भांडायला येते तेव्हा ती धावत येत नाही, हे मी त्या दिवशी जवळून पाहिलं. आधी थबकते. मान उंच करते. मग मानेभोवतीची पिसं छत्रीसारखी फुलवते, एक डोळा समोरच्यावर रोखते आणि एक पाऊल तिरकं टाकते. जणू दुसरीकडेच निघाली आहे. तेवढ्यात टोचा बसलेला असतो. नेमका डोक्याच्या मागे, तुऱ्याच्या मुळाशी. गिरिराजपैकी पहिलीला कळलंच नाही की काय झालं. ती खाली बसली, तर दुसरा टोचा. ती पळाली, तर बाकीच्या तिच्यामागे.

आणि सगळ्यांत पुढे कोण, तर लंगडी! जिला कालपर्यंत सगळ्या मिळून धुवायच्या, जी माझ्याकडे बघून डोळ्यांनी न्याय मागायची, ती एका पायावर उड्या मारत नव्या पोरींच्या अंगावर जात होती. मुकादमिणीने एक-दोन टोचे मारून राशीकडे तोंड वळवलं; तिला कामं होती. लंगडीला मात्र जन्मात पहिल्यांदा कोणीतरी हाताखाली मिळालं होतं. आमच्या कचेरीत शिपायाच्या हाताखाली हंगामी शिपाई आला की हेच व्हायचं, पण तिथे निदान चोच नसे.

पुढच्या पाच मिनिटांत एक तलंग माजघरातून देव्हाऱ्यात, दुसरी चुलीमागे, दोन विहिरीकडच्या अळवात आणि कडकनाथ फणसावर. साहेब तेवढा खूश. त्याने एक पंख खाली सोडून नव्या मंडळींभोवती गिरकी घेतली, गव्हाचा एक दाणा उचलून परत खाली टाकला आणि कुक-कुक करून सगळ्यांना बोलावलं. वरिष्ठांचं हेच असतं, नव्या भरतीचा त्रास त्यांना होत नाही.

कडकनाथला उतरवायला मी शिडी लावली. शेजारच्या काकी कुंपणापलीकडून गवत कापता कापता हे बघत होत्या. त्यांच्या हयातीत त्यांच्या परसातून किती कोंबड्या येऊन गेल्या आणि किती राखणीला गेल्या याची गणती नाही. त्या म्हणाल्या, "दिवसाढवळ्या नवी कोंबी सोडतत काय रे झीला?"

मी शिडीवरून म्हणालो, "काकी, पारदर्शकता पाहिजे."

काकींनी विळा परत गवताला लावला.

एका गिरिराजच्या डोक्यामागे रक्त आलं होतं. मी तेल-हळद कालवली आणि जखमेवर, तुऱ्यावर, हात थरथरल्यामुळे चोचीवरही सढळ हाताने लावली. कोंबड्या एकमेकींना ओळखतात त्या मुख्यतः डोक्यावरून आणि तुऱ्यावरून. तुऱ्याचा रंग किंवा आकार बदलला की सख्खी सोबतीणसुद्धा परकी ठरते. हे मला नंतर कळलं. त्या वेळी एवढंच दिसलं की पिवळ्या डोक्याची तलंग मी तिच्या तीन बहिणींत परत ठेवली, तर त्या तिघींनी तिच्याकडे एकदा नीट पाहिलं आणि तिला झोडपायला सुरुवात केली. म्हणजे आता तिला दोन्हीकडून होती.

ही म्हणाली, "तिला दवाखान्यात न्या. आणि तुमच्या हातालाही काही औषध असलं तर बघा."

पशुवैद्यकीय दवाखान्यातले डॉक्टर तरुण आणि अबोल. त्यांनी तलंगेची हळद पुसली आणि जखमेवर जांभळं औषध लावलं. कोंबड्यांना लाल रंग दिसला की तिथेच टोचत राहतात, म्हणून तो रंग झाकायचा असतो. मग विचारलं, "नवीन पक्षी किती दिवस वेगळे ठेवले होते?"

"वेगळे म्हणजे?" मी विचारलं.

डॉक्टर काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त माझ्या चपलांकडे पाहिलं. चपलांना दोन्हीकडची विष्ठा होती, नवी आणि जुनी, समसमान.

मग त्यांनी समजावलं. नवा पक्षी वरून धडधाकट दिसला तरी पोटात काय घेऊन आला आहे ते सांगता येत नाही. मानमोडी, म्हणजे रानीखेत, एकदा खुराड्यात शिरली की सगळा कळप आडवा करते. म्हणून निदान तीन आठवडे नव्यांना दूर ठेवायचं, त्यांचं भांडं वेगळं, आणि दाणापाणी आधी जुन्यांचं करून मग नव्यांचं. चपला तर दोन जोडच हव्यात. मानमोडीची पहिली लस पहिल्या आठवड्यात डोळ्यात थेंब टाकून देतात, दुसरी सहा ते आठ आठवड्यांची झाली की टोचतात. "या तलंगांची लस झाली आहे का?"

टेम्पोवाला पोरगा मला आठवला. त्याने जीआय मानांकन सांगितलं होतं, बाकी सेवापुस्तक काही दिलं नव्हतं. मी डॉक्टरांना म्हणालो, "चौकशी करून कळवतो." तेही सरकारी माणूस, त्यांना या वाक्याचा अर्थ बरोबर कळला. त्यांनी लस टोचूनच टाकली.

तलंगांची रवानगी घरामागच्या मांगरात झाली. तीन आठवडे करायला काही नव्हतं म्हणून मी वाचन केलं. कोंबड्यांमध्ये टोचण्याची उतरंड असते हे शास्त्रशुद्ध रीतीने मांडलं थोरलाइफ शेल्डेरुप-एब्बे नावाच्या एका नॉर्वेजियन माणसाने. हा गृहस्थ लहानपणापासून कोंबड्यांकडे बघत बसायचा, वहीत नोंदी करायचा, आणि पुढे त्यावर त्याने प्रबंध लिहिला; तो १९२२ मध्ये छापून आला. कोणती कोंबडी कोणाला टोचते आणि कोणाचा टोचा निमूट खाते, हे प्रत्येक जोडीत ठरलेलं असतं, आणि एकदा ठरलं की रोज भांडावं लागत नाही. ज्येष्ठतासूचीचा एवढा स्वच्छ खुलासा मला नोकरीत एकाही परिपत्रकात सापडला नव्हता.

मी लगेच एक वही आखली. पाच जुन्या कोंबड्या, आडवे रकाने, उभे रकाने. पडवीत बसून टोचे मांडायला लागलो. दोन दिवसांत सूची सुबक तयार झाली, आणि तिसऱ्या दिवशी फिसकटली. मुकादमीण ठिपकीला टोचायची, ठिपकी बोडकीला टोचायची. आणि ही पिसं झडलेली बोडकी सरळ जाऊन मुकादमिणीला टोचायची, आणि मुकादमीण बाजूला व्हायची! मला वाटलं माझं मोजणं चुकलं. पण त्या नॉर्वेजियन माणसालाही असे तिहेरी फेरे दिसले होते. कोंबड्यांची उतरंड दर वेळी सरळ रेषेत नसते. आमच्या खात्यात अशी सूची लागली असती तर दुसऱ्या दिवशी सगळे मॅटमध्ये, म्हणजे प्रशासकीय न्यायाधिकरणात, गेले असते. इथे तिघीही एकाच बांबूवर झोपत होत्या.

पुस्तकी ज्ञान झाल्यावर मी दुसरा टप्पा घेतला. नव्या-जुन्यांना एकमेकी दिसल्या पाहिजेत, पण चोच पोचता कामा नये, अशी आडकाठी मधे घालून आठ-दहा दिवस ठेवायचं. मी वेंगुर्ल्याहून मासेमारीचं जुनं जाळं आणलं. स्वस्त मिळालं. खळ्यात फणसापासून पडवीच्या खांबापर्यंत ते बांधायला घेतलं.

मासेमारीचं जाळं ही वस्तू अडकवण्यासाठीच केलेली असते, हे ते विणणाऱ्याला ठाऊक असतं, कोळ्याला ठाऊक असतं, माशालाही उशिरा का होईना कळतं. आधी माझ्या सदऱ्याचं बटण अडकलं. ते सोडवायला वाकलो तर चष्मा अडकला. चष्म्याशिवाय बटण दिसेना आणि बटण सुटल्याशिवाय चष्म्यापर्यंत हात पोचेना. एवढ्यात साहेब काय चाललंय ते बघायला आले आणि त्यांच्या पायाची नखी जाळ्यात गेली. त्यांनी पंख फडफडवायला सुरुवात केली तसं जाळं आम्हा दोघांभोवती आणखी गुंडाळलं गेलं. मी "अगं ए" करतोय, साहेब त्यांच्या भाषेत तेच करतायत, आणि ही नेमकी नळाला पाणी आलं म्हणून मागच्या दारी.

कुंपणापलीकडून काकींचा आवाज आला, "काय रे झीला, बांगडो गावलो काय?"

काकींनी विळ्याने जाळं कापलं. त्यांचं म्हणणं असं की असल्या जाळ्यात कोंबडीची मान अडकली तर ती रात्रीतून मरते, आणि कोंबडी नाही मेली तर धामण अडकते, मग ती काढायला कोण येणार? मी गुपचूप हार्डवेअरच्या दुकानातून कोंबडीजाळी आणली आणि ती बसवायला सुतार बोलावला.

जाळीच्या अलीकडे-पलीकडे मंडळी बसू लागली. पहिले दोन दिवस लंगडी जाळीवर चोची आपटत होती, नंतर कंटाळली. आठवड्याभरात एका बाजूला जुन्या, दुसऱ्या बाजूला नव्या, मधे जाळी, आणि दोन्हीकडच्या तिथेच मातीत धूळस्नान करताहेत असं चित्र दिसू लागलं. मला ते इतकं आवडलं की मी जाळी काढून टाकली आणि स्वतः खुर्ची टाकून मधे बसलो. हातात काठी. जो टोचा पडेल तो मधल्या मधे अडवायचा.

मी किती टोचे अडवले याचा हिशोब नाही. ठिपकी एका गिरिराजवर गेली की काठी मधे. थोरलीने मान वाकडी केली की मी "हट्". कडकनाथला कोणी हुसकलं की मी तिला उचलून कडेवर. दिवसभर पहारा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं जसंच्या तसं पहिल्यापासून. कोंबड्यांचं भांडण खरं तर सेकंदाचं असतं. एक टोचते, दुसरी मान खाली घालून बाजूला होते, निकाल लागला. हरलेलीला पळायला वाट असली की पुरे. मी तो निकालच लागू देत नव्हतो. प्रत्येक प्रकरण मी सुनावणीच्या ऐन मध्यावर तहकूब करायचो आणि दुसऱ्या दिवशी ते फेरसादर व्हायचं. सवय! नोकरीभर मी दुसरं काय केलं?

या काळात मी लंगडीला निलंबित केलं. तिने जांभळ्या डोक्याच्या तलंगेचं पीस उपटलं, ते मी डोळ्यांनी पाहिलं, चौकशीची गरज नव्हती. मी तिला डालग्याखाली घातलं आणि डालगं मागच्या पडवीत ठेवलं. निर्वाहभत्ता म्हणून दोन वेळा दाणे. चार-सहा दिवसांनी तिला सन्मानाने परत खळ्यात सोडलं, तर तिची जागा गेलेली! मुकादमिणीने तिच्याकडे अशा नजरेने बघितलं की ही कोण आली? मग थोरली तिच्यावर, ठिपकी तिच्यावर, आणि गिरिराजपैकी जी धिटुकली होती तीसुद्धा पाठून एक टोचा देऊन गेली. लंगडीचा माज उतरला हे खरं. पण आता खळ्यात दोन आघाड्यांवर लढाई सुरू झाली.

ही दारात उभी राहून म्हणाली, "आधी एक भांडण होतं, आता दोन आहेत. तुमचीच कुठे बदली होते का बघा."

दाण्यापाण्याचा घोळ वेगळाच. अंड्यावरच्या कोंबडीला लेअर मॅश लागतं, त्यात कवचासाठी साडेतीन-चार टक्के कॅल्शियम असतं. वाढीच्या तलंगेला एक टक्का पुरतं; एवढा चुना तिच्या पोटात गेला तर मूत्रपिंडं बिघडतात. म्हणून मी दोन भांडी मांडली, एकावर खडूने "ज्येष्ठ" आणि दुसऱ्यावर "कनिष्ठ" लिहिलं. ज्येष्ठांनी कनिष्ठांचं ग्रोअर मॅश संपवलं, कनिष्ठांनी ज्येष्ठांचं. आपल्या भांड्यात जे आहे त्यापेक्षा दुसऱ्याच्या भांड्यात बरं असणार, ही भावना साक्षरतेवर अवलंबून नसते. डॉक्टरांनी मग सोपं करून दिलं. सगळ्यांना ग्रोअरच घालायचं आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवायचा. जिला कवच घडवायचं आहे ती आपणहून खाते, जिला नाही ती ढुंकूनही बघत नाही. तिसऱ्यांच्या शिंपल्यांना आमच्याकडे तोटा नाही. त्या पाट्यावर कुटताना माझा अंगठा मधे आला, ती जखम मात्र मी हळद न लावता बरी केली.

शेवटी मी काकींच्या अंगणात जाऊन बसलो. त्या भात पाखडत होत्या. मी म्हणालो, "काकी, कसं करायचं?"

त्या म्हणाल्या, "रातच्याक ठेव. काळोखात कोंबयेक दिसणा नाय. सकाळी उठान बघतली, तर ही बाजूकच बसलेली. मगे गप ऱ्हवतली. आणि तू मधी पडू नको."

हे शेवटचं वाक्य त्यांनी सुपाकडे बघतच म्हटलं.

त्यांनी आणखी दोन-तीन गोष्टी सांगितल्या, त्या मी वहीत न लिहिता केल्या. दाण्याची भांडी एकमेकांपासून लांब मांडली, म्हणजे एकाच कोंबडीला सगळ्यांवर पहारा करता येत नाही. पाणीसुद्धा दोन ठिकाणी ठेवलं. लपायला आडोसा केला: मोडका पाट, पत्र्याचा तुकडा, भिंतीला टेकवलेलं दार, आणि हिच्या आग्रहामुळे माझी ती पहाऱ्याची खुर्ची. एक कोबीचा गड्डा सुतळीने टांगून ठेवला, तो टोचत बसल्या की एकमेकींना टोचायला सवड कमी. खुराड्यात एक बांबू वाढवला. एका कोंबडीला बसायला वीतभर जागा लागते, आणि जागा कमी पडली की रात्रीचं भांडण दिवसावर जातं.

अमावस्या जवळ होती. सगळ्या झोपल्याची खात्री करून मी तलंगांचं डालगं घेऊन खुराड्यात शिरलो. बॅटरी पेटवली तर जाग येईल म्हणून ती बंद. चष्म्यावर दमट हवेने धुकं धरलं म्हणून तो खिशात. एकेक तलंग हाताने चाचपून उचलायची, छातीशी धरायची, पाय बांबूला टेकवायचे, तिने बोटं आवळली की हात सोडायचा. फार नाजूक काम असतं हे. कोंबडीची बोटं बांबूभोवती वळतात तेव्हा तिचं सगळं अंग तुमच्या तळहातात एकदम सैल पडतं. पहिली बसली. दुसरी, तिसरी, चौथी बसली. मला माझाच अभिमान वाटू लागला. मग पाचवी, म्हणजे कडकनाथ. ती काळी, रात्र काळी. डालग्यात हात फिरवला तर डालगं रिकामं. म्हटलं बाहेर पडली असेल, म्हणून आजूबाजूला चाचपलं. अंग हाताला लागलं. उचललं. ती चांगलीच जड लागली. दोन महिन्यांत बाळसं धरलं म्हणायचं, असं मनात येतंय तोवर कानाला चोच बसली.

साहेब झोपेतून उठवलेलं खपवून घेत नाहीत. त्यांनी माझ्या हातातूनच बांग दिली. त्यावर वाडीतल्या सगळ्या कोंबड्यांनी मध्यरात्री पहाट झाल्याचं मान्य केलं, कुत्र्यांनी अनुमोदन दिलं, आणि आमच्या मागच्या दारचा दिवा लागला.

"कोण आहे तिकडे?" ही ओरडली.

"मी आहे."

"आणखी कोण?"

"साहेब आहेत."

"मग दोघंही झोपा," म्हणून हिने दिवा घालवला.

कडकनाथ तोवर स्वतःच वरच्या बांबूवर जाऊन बसली होती. हे सकाळी कळलं. पहाटे मी खुराड्यात डोकावलो तर एका टोकाला जुन्या, दुसऱ्या टोकाला गिरिराज, आणि त्यांच्या डोक्यावर, सगळ्यांत उंच, झाबुआ. दार उघडल्यावर मुकादमीण खाली उतरली, दारात उभी राहिली आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येक तलंगेला हजेरी घेतल्यासारखा एकेक हलका टोचा दिला. तलंगांनी माना खाली घातल्या आणि बाजूने निघून गेल्या. रक्त नाही की आरडाओरडा नाही. मी मधे पडायला उठलो होतो, तर हिने मागून सदरा धरला.

त्यानंतरही हुसकाहुसकी होत राहिली. पण ती खाण्यापुरती, जागेपुरती, आणि तेवढ्याच सेकंदाची. गिरिराजांचे तुरे लाल झाले, अंगाने त्या मुकादमिणीला मागे टाकून गेल्या, तरी तिच्यासमोर अजून मान खालीच घालतात. सेवाज्येष्ठता त्या मानतात, वजन मानत नाहीत. सहा महिन्यांच्या होताहोता अंडी सुरू झाली. कडकनाथने पहिलं अंडं घातलं ते बघायला अर्धी वाडी जमली, कारण अंडं काळं असणार अशी पैज लागली होती. ते फिकट, सायीच्या रंगाचं निघालं. पैज हरलेल्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच रंगात फेरफार केला.

माझं स्वतःचं स्थानही आता नक्की झालं आहे. मी खुराड्यात शिरलो की मुकादमीण बाजूला होत नाही. मला वळसा घालावा लागतो. कडकनाथ माझ्या पायाच्या अंगठ्याला टोचते आणि मी पाय मागे घेतो. लंगडीसुद्धा परवा माझ्यासमोर उभी राहून मानेची पिसं फुलवून बघत होती. मी मान खाली घातली. उगाच प्रकरण वाढवण्यात अर्थ नाही.

तेव्हा ज्यांना परसात नव्या तलंगा आणायच्या आहेत त्यांनी एवढं करावं. दोन महिन्यांच्या आणू नयेत. तीन-चार महिन्यांच्या, अंगाने जुन्यांच्या जवळपास पोचलेल्या आणाव्यात. घरी आणण्याआधी लसीचं विचारावं. तीन आठवडे लांब ठेवाव्यात, पुढे आठ-दहा दिवस जाळीपलीकडे, आणि मग रात्री, गुपचूप, बांबूवर. हळद स्वयंपाकघरात ठेवावी. टोचाटोची दिसली तर रक्त येईपर्यंत हात बांधून बसावं. आणि कडकनाथ घ्यायचीच असेल तर दोन घ्या. एकटीने कोणाच्या तोंडाकडे बघायचं?